नावापुरते कुलूप असलेल्या खोलीतले खोगीर

घोडेस्वाराकडे सगळे बघतात, घोड्याकडेही बघतात. त्या दोघांच्या मध्ये मी असतो, पण माझ्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मित्रांनो, मी एक जुने खोगीर आहे. आज तुम्हाला वेळ आहे आणि मलाही बोलावेसे वाटते आहे, म्हणून माझी हकीकत सांगतो.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. तिथे कातड्याचा आणि मेणाचा वास भरून राहिलेला असे. मला घडवणारा कारागीर बोलायला कंजूष होता, पण टाके घालताना हात आखडता घेत नसे. ढगी नावाच्या करड्या घोडीच्या पाठीवर तार वाकवून त्याने माप घेतले आणि त्या मापाने मला बेतले. मला न्यायला आलेल्या माणसाला तो एवढेच म्हणाला, "हे कुठल्याही घोड्यावर टाकू नका. हे हिचंच आहे."

मला नेणारे गृहस्थ मुलांना घोड्यावर बसायला शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. तबेल्याचा कारभार मास्तर आणि त्यांची मुलगी मिळून बघत असत. मुलांची ती ताई होती. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल मला घट्ट धरून बसे. कोणाची नखे माझ्यात रुतत, कोणी डोळेच मिटून घेई. एक गुबगुबीत मुलगी तर ढगीच्या कानाशी वाकून विनवण्या करी, "हळू जा ना गं, तुला काय घाई आहे?" ढगीही ते कळल्यासारखी पावले जपून टाकी. पुढे त्याच मुलीने स्पर्धेत ढगीवर बसून अडथळ्यांवरून उड्या मारल्या आणि चषक आणला. फोटोत ती होती, ढगी होती आणि दोघींच्या मध्ये मीही होतो. त्या दिवशी मास्तरांनी मला साबणाने पुसले, तेल लावले आणि आरशासारखे चकचकीत केले.

काम झाले की आम्ही सामानाच्या खोलीत जात असू. खोगिरे, लगाम, पाय ठेवायच्या रिकिबी, सगळे तिथेच. दाराला जुने कुलूप होते, पण त्याची किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगलेली असे. ताईला ते खटके.

"बाबा, किल्ली खिळ्याला लटकवायची तर कुलूप हवंच कशाला?"

"अगं, इथं येतं कोण? सगळी आपलीच माणसं. किल्ली खिशात घालून फिरलो, तर त्यांना वाटेल मास्तरांचा भरवसा उडाला."

त्या आपल्या माणसांतला सगळ्यात जवळचा म्हणजे नालबंद. तो घोड्यांचे खूर तासायला आणि नाल ठोकायला येई आणि काम संपल्यावरही मास्तरांशी गप्पा मारत बराच वेळ रेंगाळे. त्याच्याकडे आकडे उमटवायचे पोलादी ठसे होते. ताईने त्याला गळ घातली, की प्रत्येक खोगिरावर आपला फोन नंबर उमटवून द्या.

मास्तर हसले. "उद्या माझ्या कपाळावरही ठोक."

"ठोकला असता," नालबंद म्हणाला, "पण ठसे वाकतील."

माझ्या दोन्ही बाजूंना कातड्याचा रुंद पदर आहे. त्यावर स्वाराचा पाय टेकतो. नालबंदाने डावा पदर उलटला आणि आतल्या बाजूला एकेक आकडा उमटवला. दुखले थोडे, पण मी सोसले. दुसऱ्या खोगिराची पाळी येणार, तेवढ्यात मुले आली आणि बाकीचे काम राहिले ते राहिलेच.

काही दिवसांनी एक पाहुणा आला. बोलायला मोठा गोड. मुलीला घोड्यावर बसायला शिकवायचे आहे, म्हणाला. मास्तरांनी त्याला हौसेने सगळा तबेला दाखवला. किल्ली खिळ्यावरून काढून आमची खोलीही उघडून दाखवली. त्याने मोबाईलवर आमचे फोटो काढले, स्पर्धा कधी असतात ते विचारले आणि नमस्कार करून तो गेला.

स्पर्धेच्या दिवशी ताई मुलांना, बाकीच्या घोड्यांना आणि लागेल तेवढे सामान घेऊन बाहेरगावी गेली. ढगी विश्रांतीसाठी मागे राहिली होती. दुपारी मास्तर जेवायला घरी गेले आणि तबेल्याशी एक गाडी येऊन थांबली. त्यातून तोच पाहुणा उतरला. बरोबर आणखी एक माणूस होता. किल्ली शोधायचा प्रश्नच नव्हता. खोलीत उरलेल्या आम्हाला पोत्यांत कोंबून त्यांनी गाडीत टाकले. मग ते ढगीकडे वळले. ती काही केल्या गाडीत चढेना. त्यांनी तिला चाबकाने मारले. तिने हिसडा देऊन दोर तोडला आणि उघड्या फाटकातून ती रस्त्याकडे सुसाट पळत सुटली. पोत्याच्या फाटक्या तोंडातून मला तिची पाठ दिसली. त्या पाठीवर मी नव्हतो, आणि मला काहीच करता येत नव्हते.

जुन्या सामानाच्या एका दुकानात आम्हाला विकले गेले. गिऱ्हाइके येत, आम्हाला दाबून बघत. माझे सोबती एकेक करून निघून गेले. त्यांच्यावर कसलीच खूण नव्हती, त्यामुळे ते कुठून आले हे कोणालाच कळले नाही. आजही मला त्यांचा पत्ता ठाऊक नाही.

एक दिवस एक बाई आल्या. घोड्यांची चांगली जाण असावी. शिवण तपासायला त्यांनी माझा पदर उलटला आणि त्या थांबल्या.

"हा फोन नंबर कोणाचा?"

"असेल कारखान्याचा," दुकानदार म्हणाला.

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "तुमचं एखादं खोगीर हरवलंय का हो?" पलीकडे ताई होती. तिने दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

पुढचे काम पोलिसांनी केले. दुकानदाराने विकणाऱ्याचा ठावठिकाणा सांगितला आणि तो गोडबोल्या पाहुणा पकडला गेला.

मला वाटले, आता सगळे पहिल्यासारखे होईल. घरी आलो तर ढगी लंगडत होती. पळताना ती रस्त्यावर घसरून पडली होती. नाल ठोकायला कोणी वेगळाच माणूस आला होता. आणि मास्तर कोणाशीच धड बोलत नव्हते. खोलीत ताई मास्तरांशी बोलत होती, त्यातून मला उलगडा झाला. चोरीनंतर पोलिसांनी विचारले होते, किल्लीची जागा कोणाला माहीत आहे? घाबरलेल्या मास्तरांच्या तोंडून पहिले नाव निघाले ते नालबंदाचे. त्याला दिवसभर चौकीत बसवून ठेवले. ही बातमी पसरली आणि त्याची कामे तुटली.

"बाबा, आता तरी जा त्यांच्याकडे," ताई म्हणाली.

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच तोंडानं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला खांद्यावर घेतले आणि ते चालत निघाले. नालबंद ऐरणीवर नाल ठोकत होता. त्याने मान वर केली नाही.

"चोर सापडला," मास्तर म्हणाले.

"ऐकलं."

"माझं चुकलं रे."

नालबंदाने हातोडा बाजूला ठेवला. माझा पदर उलटून आकड्यांवरून अंगठा फिरवला. "आळ आला ते मी गिळलं असतं, मास्तर. पण त्यांना नाव सांगायच्या आधी तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतंत."

मास्तर म्हणाले, "तुझ्यावर भरवसा आहे म्हणून मी किल्ली उघडी ठेवली. ती उघडी होती म्हणूनच तुझ्यावर संशय घेतला. नीट कुलूप असतं, तर ही वेळच आली नसती."

नालबंदाने पदर खाली सोडला आणि विचारले, "घोडीचा पाय कसा आहे?"

"लंगडतेय."

त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि तो चालू लागला. मास्तर त्याच्या मागून निघाले. दोघे एकाच रस्त्याने तबेल्याकडे गेले.

आता खोलीला भक्कम कुलूप आहे आणि किल्ली ताईच्या खिशात असते. नव्या सामानावर आकडे आहेत. जनावरांच्या डॉक्टरांनी प्रत्येक घोड्याच्या मानेत ओळखीची बारीकशी चिप बसवली आहे. अनोळखी माणसाला कोणी एकट्याने फिरू देत नाही. नालबंदाने बेतलेल्या खास नालेमुळे ढगी बरी चालते, पण तिच्या पाठीवर आता कोणी बसत नाही. दुसऱ्या घोड्याला मी होत नाही. त्यामुळे मी लाकडी घोडीवर असतो आणि लहान मुले माझ्यावर बसायचा सराव करतात. नालबंद येतो, काम करतो. मास्तरांशी बोलतो, पण पूर्वीसारखी थट्टा अजून करत नाही.

मित्रांनो, तुमची सायकल असो की पाळलेले जनावर, त्याला ओळखीची खूण करा, फोटो काढून ठेवा, आणि दाराला कुलूप लावा. कुलूप लावल्याने आपली माणसे दुखावत नाहीत. ते नसले की त्यांच्याकडेच बोट दाखवले जाते. आणि तरीही काही चोरीला गेले, तर कोणाचे नाव घेण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा. वस्तू शोधून आणायला पोलीस असतात. दुरावलेल्या माणसाला आणायला मात्र आपल्यालाच जावे लागते.