तीनदा पुकारलेला मुलगा

जेवणाच्या टेबलावरचा काटा नव्हे, मित्रांनो, मी नादकाटा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण एका स्वयंपाकीणबाईंनी मला चमच्यांच्या खणात टाकलं होतं आणि दोन दिवस मी चमच्यांबरोबर घासला गेलो. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. माझ्या दोन भुजा वर आणि एक दांडा खाली. गुडघ्यावर हलकेच आपटलं की मी एक सूर देतो. आयुष्यभर तोच एक. लोक याला हट्टीपणा म्हणतात, मी याला चोख काम म्हणतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादाची कांब वाकवून मला आकार दिला आणि मग एक चष्मेवाल्या बाई कानस घेऊन माझ्यामागे लागल्या. जरा घासायचं, वाजवायचं, कान देऊन ऐकायचं, पुन्हा घासायचं. माझ्या शेजारच्या भावाला कानशीचे दोन हात जास्त लागले आणि तो थेट भंगारात गेला. माझ्या वेळी बाईंचा हात हलका होता, म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

मला विकत घेतलं ते पियानो जुळवणाऱ्या काकांनी. जाड बोटांचा, कमी बोलणारा माणूस. मला कापडात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायचे. आम्ही शाळांत गेलो, सभागृहांत गेलो, मऊ गालिच्यांच्या दिवाणखान्यांत गेलो. सैल झालेल्या तारा काका एकेक करून माझ्या सुरावर आणायचे. "माझा कान थकेल, पण हा नाही थकणार," असं ते लोकांना सांगायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

वर्षातून एकदा आम्ही एका अनाथाश्रमात जायचो. तिथला पियानो कोणीतरी देऊन टाकलेला होता. जेवणघरात, कमरेपर्यंत हिरवा रंग दिलेल्या भिंतीला टेकून उभा असायचा आणि त्याच्याखाली मुलांच्या चपला ठेवलेल्या असायच्या. एकदा काकांनी काम संपवून झाकण लावलं, तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला की डावीकडची तिसरी पट्टी अजून खाली आहे. काका हसले. तरी मला काढून त्यांनी तपासलं, आणि पट्टी खरोखर केसभर खाली होती. काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्या दिवसापासून काका त्याला कानसेन म्हणू लागले. मग सगळेच म्हणू लागले. एकदा ऐकलेली धून त्याच्या बोटांत उतरायची, कोणी शिकवावं लागायचं नाही. चौदाव्या वर्षी काकांनी त्याला हाताखाली घेतलं आणि घरी राहायला आणलं. काकूंनी आधी कुरकूर केली आणि आठ दिवसांत काकांच्या आधी त्याचंच ताट वाढायला लागल्या.

आता त्याच्या मनातलं सांगतो. आश्रमाच्या मोठ्या ताईंनी तो कळता झाल्यावर त्याला त्याची नोंद वाचून दाखवली होती. चार वाक्यं होती. वय अंदाजे अडीच. बस स्थानकावर सापडला. लाउडस्पीकरवरून तीनदा पुकारलं. कोणी आलं नाही.

हे शेवटचं वाक्य त्याच्या घशात हाडासारखं अडकलं होतं. मुलं भांडणात म्हणायची, तुला टाकलंय. तो म्हणायचा, मी हरवलोय. पण तीनदा पुकारूनही कोणी येत नाही, तर हरवलेला कसा म्हणायचा? टाकलेला आणि हरवलेला यांत किती फरक असतो ते तुमच्या लक्षात येईल. पुढे मोठा झाल्यावर सभागृहांत तो पियानो वाजवायचा, लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे, आणि हा पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चेहरे बघत राहायचा. आपल्यासारखं नाक कोणाचं आहे का, ते बघायचा. मला त्याचं वाईट वाटायचं.

आईवडिलांचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आठवत होतं ते एक घुमणं. दोन जाड आवाज एकत्र, आणि त्यांच्यातून हळू वर येणारी आणि खाली जाणारी लाट. तोवर काकांनी मला त्याच्या खिशात दिलं होतं; मला वाजवून, माझ्यापासून खाली मोजत तो त्या घुमण्याच्या सुरापर्यंत पोचायचा. त्याला पक्कं वाटत होतं की असं घुमणारं यंत्र जिथे असेल, तिथेच आपलं घर होतं.

पियानोच्या कामाला जाईल त्या गावात तो कारखान्यांचे दरवाजे गाठायचा. एका छापखान्यात त्याला तो सूर सापडला. त्याने तिथल्या प्रत्येक माणसाला विचारलं, पण कोणाचं मूल हरवलेलं नव्हतं. मग बर्फाच्या कारखान्यात सापडला, मग कपडे धुण्याच्या कारखान्यात. दर वेळी तो पळत आत जायचा आणि पाय ओढत बाहेर यायचा.

शेवटी एका वायरमनने त्याला खाली बसवलं आणि डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडे कान दे म्हणाला. बारीक, पण तोच सूर. आश्रमातल्या खाटेवर रोज रात्री तो याच सुराखाली झोपत होता आणि मोठमोठ्या यंत्रांच्या नादात त्याने कधी वर कान दिला नव्हता. वायरमन म्हणाला, "बाबा रे, हा सूर तुझ्या आईबापांचा नाही, वीज कंपनीचा आहे. वीज आहे तिथे हा असणारच."

कानसेनने घरी येऊन मला हत्यारांच्या पेटीच्या तळाशी टाकलं. वर फेल्टच्या जाड कापडाचे तुकडे, स्क्रू, जुन्या तारा. मी आठ महिने तिथे पडून होतो. माझ्या एका भुजेवर गंज चढला. गंजाने सूर बिघडतो, मित्रांनो, आणि सूर बिघडला की माझं उरतं काय? मी त्याच्यावर रागावलोही होतो. पण तो पियानोलाही हात लावत नव्हता, मग माझं काय घेऊन बसायचं.

एके दिवशी तोच वायरमन काकूंच्या घरातलं बटण दुरुस्त करायला आला आणि जाता जाता कानसेनने तेव्हा सांगितलेल्या त्या लाटेबद्दल विचारू लागला. एका यंत्राची लाट होत नसते, हे मीही सांगू शकलो असतो. जवळजवळ सारखे दोन सूर शेजारी वाजले, तरच मध्ये लाट येते. काका तर तारा जुळवताना ती लाट ऐकूनच काम करत होते आणि त्यांनाही हे सुचलं नव्हतं. वायरमन म्हणाला की दिवसभर शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन मोठ्या मोटारी म्हणजे पाणी उपसायचं पंपघर. आणि अशी पंपघरं या भागात चारच आहेत.

काकांनी मला पेटीतून काढलं, तेलाच्या बोटाने गंज पुसला आणि कानसेनच्या हातात दिलं. "जा. नाही सापडलं तर परत ये. घर आहे इथे," एवढंच म्हणाले.

पहिल्या पंपघरात लाट भराभर येत होती. दुसऱ्यात एक मोटार बंद पडलेली. तिसरं नदीकाठी होतं. पत्र्याचं दार, तेलकट फरशी, निळा रंग उडालेले दोन पंप. कानसेन दारातच थांबला आणि बोटांवर मोजू लागला. एका लाटेला सात आकडे. त्याच्या आठवणीतही सातच होते. तो पायरीवर बसून पुन्हा मोजू लागला आणि मी खिशातून त्याच्या काळजाचे ठोके ऐकत राहिलो.

पंपचालकाने आधी त्याला पाणी दिलं. पंप फार जुने आहेत, म्हणाला, कोणी बदलत नाही. त्याच्या आधी इथे एक जोडपं होतं. नवरा पंप चालवायचा, तो छातीच्या दुखण्याने वारला. बायको मागच्या खोलीत राहते, आवार झाडते. मूल होतं, ते कानाच्या डॉक्टरकडे जाताना बस बदलायच्या ठिकाणी हरवलं. ते सुटलेल्या बसमध्ये चढलं असेल म्हणून ती त्या बसमागे दुसऱ्या गावाला गेली आणि तक्रारही तिथेच नोंदवली. पुढे त्या तक्रारीचा पत्ताच लागला नाही.

"कानाच्या डॉक्टरकडे? कोणाचे कान?" कानसेनने विचारलं.

"तिचेच. तरुणपणी वाहायचे, मग गेलेच. ठार बहिरी आहे."

कानसेन पायरीवरून उठला. मग हळू म्हणाला, "म्हणजे ती तिथेच होती. तिला ऐकूच आलं नाही."

बाई मागे दोरीवरचे कपडे काढत होत्या. केस अर्धे पांढरे, बाह्या वर दुमडलेल्या. कानसेन बोलत राहिला, त्या कानाकडे बोट दाखवून मान हलवत राहिल्या. पंपचालकाने गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरला, मग तो वर नेत कानसेनच्या डोक्यापर्यंत आणला. बाईंना समजलं, आणि त्यांचा चेहरा एकदम कठोर झाला.

"अशी थट्टा करू नये कोणाची," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि कपडे घेऊन आत निघाल्या.

कानसेनचा हात खिशात गेला. त्याने मला गुडघ्यावर आपटलं, दोन पावलांत तिला गाठलं आणि माझा दांडा तिच्या कानामागच्या हाडावर टेकवला. मित्रांनो, माझा सूर हवेतून जातो तसा हाडातूनही जातो. तिच्या कानाचं दार बंद झालं होतं, आतलं घर शाबूत होतं. ती जागच्या जागी थांबली. कपडे खाली पडले.

"वाजतंय," ती म्हणाली. आणि मी विझेपर्यंत तिने त्याचा हात दाबून धरला.

मग कानसेनने मला खिशात टाकलं, खाली वाकून आपलं कपाळ तिच्या गालाला लावलं आणि तोंड मिटून पंपांचं ते घुमणं गुणगुणायला लागला. वर, खाली, वर. मी इतकी वाद्यं ऐकली, पण त्या दिवशी मी गप्प राहून ऐकलं. तिने डोळे मिटले. दोन्ही हातांनी त्याचं डोकं आणखी घट्ट धरलं.

"असाच गुणगुणायचास माझ्या गालाला डोकं लावून," ती म्हणाली. "तेवढंच एक मला ऐकू यायचं रे."

आता ती काकूंच्या शेजारच्या खोलीत राहते. मुलगा पियानो वाजवतो तेव्हा हनुवटी लाकडावर टेकवून बसते आणि चुकला तर सांगते. मी म्हातारा झालोय, गंजाची खूण अंगावर आहे, सूरही किंचित उतरला असेल. कानसेनला ते कळतं, तरी तो मला बदलत नाही.

तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला दगडावर आपटू नका, वापरून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर ओरडू नका, त्याच्याजवळ जा. आणि तुम्ही कोणाला तीनदा पुकारलंत आणि कोणी आलं नाही, तर तशी नोंद करून मोकळे होऊ नका. उठा आणि बाहेर जाऊन बघा. ती आई त्या दिवशी दहा पावलांवर, बसच्या चाकांखाली वाकून वाकून बघत होती.