सवण्याखालची जागा

त्रिंबकने शिडीवरून हात लांबवून पत्र्यावरची टीव्हीची डिश किंचित फिरवली आणि घरात ऐकू जाईल अशा आवाजात विचारले,

"आलं का?"

खाली शिडी धरून उभी असलेली त्याची लेक सुनिता हसली.

"अप्पा, आत माय एकटीच हाय. ती काय सांगती तुमाला?"

विमलबाईने नवऱ्याशी अबोला धरला त्याला आठवडा होत आला होता. कारण ऐकाल तर क्षुल्लक. घरात नवा टीव्ही आला तरी कोपऱ्यात जुना, लाकडी पेटीचा कृष्णधवल टीव्ही कैक वर्षांपासून मुका होऊन पडला होता. त्रिंबकने तो भंगारवाल्याला देऊन प्लास्टिकचा टब घेतला. सायंकाळी विमलबाई रानातून आली, तिने रिकामा कोपरा पाहिला आणि तिच्या तोंडाला जे कुलूप लागले ते लागलेच. टबाला तिने हात लावला नाही. तो अंगणात उपडा पडून होता आणि त्यावर कोंबडी बसत असे. आता ती लेकीबरोबर तिच्या सासरी, नांदूरघाटला निघाली होती. परत कधी येणार हे तिने सांगितले नव्हते, आणि विचारण्याचे धैर्य त्रिंबकला झाले नव्हते.

"मी इचारलं तिला," सुनिता म्हणाली. "म्हनलं, बंद डबड्यापायी येवढं कावून? तर म्हनती, 'तुज्या बापानं तरी कुठं बघितला त्यो टीव्ही. त्यांनी काय बघितलं ते त्यांनाच इचार.'"

त्रिंबकचा हात डिशवर थांबला.

तो काळ असा होता की गावात टीव्ही एकच, विजयसिंह पाटलांच्या घरी. क्रिकेटचा सामना असला की सारे गाव तिथे लोटे. वारा सुटला म्हणजे पडद्यावर खेळाडूंऐवजी मुंग्याच मुंग्या. म्हणून कोणीतरी माळवदावर चढून अँटेनाचा बांबू धरून उभे राहायचे. ते काम त्रिंबककडे आले, कारण तो उंच होता, आणि ऊसतोड्याच्या पोराला नाही म्हणायची सवय नव्हती. खालून आरोळी येई, "डावीकडं बे, त्रिंबक्या! हां, आता हितंच मर!" सारे गाव सामना पाही, ज्याच्यामुळे दिसे तो एकटा आभाळ पाही.

माळवदाला उजेडासाठी एक भोक होते, सवणे. त्यातून पडदा दिसत नसे. खाली बसलेल्या बायकांची एक रांग तेवढी दिसे. दसरा होऊन गेला होता, तोडीला जायचे दिवस जवळ आले होते, आणि त्रिंबकचे लग्न नवे होते. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची सोय नव्हती, आणि घर एकाच खोलीचे. एका दुपारी खाली गलका उठला. त्याने वाकून पाहिले, तर त्याची नवी नवरी नेमकी सवण्याखालच्या उजेडात येऊन बसलेली. मान खाली, मुद्रा गंभीर. पदरावरून एक हात हळूच डोक्यावर गेला आणि चार बोटे उभी राहिली. चौकार. गडी बाद झाला की मूठ. तो सामना त्रिंबकने असा पाहिला, आणि पुढचेही. पुढे पाटलांकडे रंगीत आला तेव्हा जुना त्याने मागून घेतला. वाटेत कोणाच्या हाती न देता विमलने तो डोक्यावरून घरी आणला होता.

शिडी हलली. त्रिंबकने पत्र्याखालच्या झरोक्याशी तोंड नेले. आत विमलबाई त्याच्याकडे पाठ करून पडद्यासमोर सामना बघत बसली होती. शेजारी बांधलेले गाठोडे. चुकलो, एवढेच म्हणायचे होते.

"किती झाले गं?" त्याने हळूच विचारले. त्या काळी हे विचारायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

विमलबाईने गाठोड्याची गाठ चाचपली. वळून पाहिले नाही. पडद्यावर लोकांचा गलका उठला. मग तिने डोईवरचा पदर सावरला, आणि सावरायला गेलेला हात तिथेच राहिला. हात आता सुरकुतलेला होता, कोयत्याने घट्टे पडलेला. बोटे मात्र एकामागून एक उभी राहिली. चार.

"अप्पा, आलं का चित्र?" खालून सुनिताने विचारले.

"आलं."

"मंग उतरा की खाली. चा ठिवते, मंग आमाला निघायचं हाय."

डिशचा नट केव्हाच आवळून झाला होता. तरी त्रिंबकने तिचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"शिडी सोडू नको," तो म्हणाला. "मॅच लई बाकी हाय."