चारशे सतरा नंबरची काच

साबणाच्या पाण्यात पस्तीस काचा बुडवून झाल्यावर छत्तिसावी ताईंनी हातातच धरून ठेवली. कोपऱ्यात मेणाच्या पेन्सिलीने लिहिलेला आकडा त्यांच्याच अक्षरातला होता, चारशे सतरा. पाणी चांगलं कढत होतं. बोटं सैल सोडली असती, तर काम झालं असतं.

रक्ताच्या काचा वर्षभर जपायच्या, वर्ष झालं की धुऊन पुन्हा वापरायच्या, हा त्या छोट्या इस्पितळातला रिवाज ताईंनीच घातलेला. सव्वीस वर्षं तपासणीची खोली त्या एकट्याच सांभाळत होत्या. लोक त्यांना आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही भिंगताई म्हणू लागले. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, असा गावभर लौकिक होता. ताईंनाही तो आवडायचा. लौकिक आवडत नाही म्हणणाऱ्या माणसावर फार विश्वास ठेवू नये.

त्यांनी हात पुसले, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. कालपासून ही चौथी वेळ.

गाव उंचावरचं, थंड. डास ही खालच्या लोकांची भानगड, असं इथे सगळेच धरून चालत. "इतक्या वर डास यायचाच झाला, तर स्वेटर घालून येईल," असं इस्पितळातले म्हातारे डॉक्टर म्हणत आणि लोक दरवेळी हसत. गेल्या काही वर्षांत दुकानांतून पंखे लागले, गाद्यांवरच्या रजया पातळ झाल्या, तरी विनोद तोच राहिला. मग या उन्हाळ्यात तिघांना हिवताप झाला. तिघांपैकी एकही कधी डोंगर उतरला नव्हता. तेव्हा कुठे वरून हुकूम आला आणि ताईंना चार दिवस शिकायला खाली पाठवलं.

शिकवणारी मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची. "लाल पेशीच्या पोटात हे निळसर कडं बघा, आणि त्यावर जांभळा ठिपका. एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही," ती म्हणाली.

ताई विसरल्या नव्हत्या, तेच तर दुखणं होतं.

गेल्या वर्षी याच महिन्यात त्यांच्या धाकट्या जावेचं रक्त तपासायला आलं, तेव्हा हे ठिपके त्यांना दिसले होते. पण या खोलीत गारठ्याने काचेवर चढवायच्या रंगाचा गाळ बसायचा आणि दर दुसऱ्या काचेवर जांभळे ठिपके यायचे. ते सोडून पलीकडचं पाहायला ताईंनी स्वतःला शिकवलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. वहीत त्यांनी लिहिलं, 'रंगाचा गाळ. रक्तात दोष नाही.' डॉक्टरांनी सर्दीतापाची औषधं दिली. चौथ्या दिवशी जाऊ गेली.

यजमान गेल्यापासून ताईंना माणूस असं तेच होतं, भिंतीला भिंत लागून राहणारे दीर आणि जाऊ. सकाळचा चहा जावेच्या हातचा, आणि चहाबरोबर अख्ख्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या. ती गेल्यावर दीर भेटेल त्याला एकच सांगत राहिला, "मीच आळस केला. वेळेवर मोठ्या इस्पितळात न्यायला हवं होतं." वर्षभर ताईंनी त्याची समजूत घातली. कुणाला कळणार होतं, असं त्याला किती वेळा म्हटलं याची गणती नव्हती. आता ते वाक्य आठवलं की त्यांना स्वतःची शिसारी येई.

दार वाजलं. दीर डबा घेऊन आला होता. तो शिंपी होता. जन्मभर लोकरी कोट शिवले, आता मच्छरदाण्या शिवत होता. बाहीला पांढऱ्या जाळीचे धागे चिकटलेले.

"जेवायला आला नाहीत, वहिनी. म्हटलं, डबाच नेऊन द्यावा."

"बसा भाऊजी."

तो बसला. ताई उभ्याच राहिल्या. रात्रभर जुळवलेली वाक्यं ऐनवेळी पळाली.

"तुम्ही आळस केला नाहीत," त्या म्हणाल्या.

"तो विषय नको."

"ऐका. तिला हिवताप होता. या काचेत दिसतोय. तेव्हाही दिसत होता. मी पाहिला आणि गाळ म्हणून सोडून दिला. औषध मिळालं असतं तर ती वाचली असती."

दिराने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

ताईंना वाटलं, त्याला नीट समजलं नाही.

"उन्हाळ्यात त्या तिघांना झालं ना, मी बघायला गेलो होतो," तो म्हणाला. "तीच हुडहुडी. तोच घाम. मी तिच्या उशाशी बसून सगळं पाहिलेलं. ओळखायला भिंग कशाला लागतंय?"

"मग मला विचारलं का नाहीत?"

तो बाहीवरचे धागे वेचू लागला.

"गाडी दारात आणली होती मी. ती बसलीसुद्धा होती. तेवढ्यात तुमचा निरोप आला, रक्तात काही नाही. तशी उतरली. म्हणाली, ताईंनी स्वतः पाहिलंय, आता कशाला उगाच दगदग? त्या दिवशी शांत झोपली. आजारात तेवढी एकदाच."

"आणि तुम्ही गावभर स्वतःचं नाव घेत हिंडलात."

"उन्हाळ्यापर्यंत मला तसंच वाटत होतं. जबरदस्तीने न्यायला हवं होतं म्हणून. नंतर कळलं, तर म्हटलं चालू दे. तुमचं नाव घेतलं असतं, तर भिंतीपलीकडे मला कोण उरलं असतं?"

ताई रडल्या. पदर तोंडाशी न नेता, लहान मुलासारख्या रडल्या. दिराने त्यांना थांबवलं नाही आणि समजूतही घातली नाही.

"उद्या डॉक्टरांना सांगणार आहे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "वहीतली नोंद बदलायची. तेव्हाच्या सगळ्या काचा पुन्हा तपासायच्या. या पस्तीस तर मी आजच घालवल्या."

"सांगा. आज तिघं आहेत, उद्या तीस होतील." त्याने सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं. "ही तिची काच?"

"हो."

"बघू का?"

त्यांनी त्याच्यासाठी स्टूल ओढलं. सुईत दोरा ओवताना मिटायचा तसा त्याने एक डोळा मिटला आणि वाकला. ताई शेजारी उभ्या राहून चाक हलक्या हाताने फिरवू लागल्या.

"स्पष्ट झालं की सांगा. मधोमध बघा. लाल पेशी आहेत ना, त्यातल्या एकीच्या पोटात निळसर कडं असेल. वर जांभळा ठिपका. तोच तो आजार."

घंगाळातलं पाणी निवलं होतं, साबणाचा फेस बसला होता.

"दिसलं का, भाऊजी? आणखी डावीकडे सरकवू?"

"ते नाही बघत मी," मान वर न करता तो म्हणाला. "वहिनी, हे बाकीचं सगळं तिचंच ना?"

ताईंनी हो म्हटलं. त्याने भिंगावरून डोळा काढला नाही.