वाळूतली रेघ आणि पंख्यांची खोकी

चार वाजता तिला वर्तमानपत्राचं सदर पाठवायचं होतं आणि साडेतीनला दादाचा फोन आला. "टेम्पो निघालाय. बाराच खोकी आहेत."

दादाचं 'बाराच' म्हणजे काय, हे तिला पुरतं ठाऊक होतं. थोरल्या भावाचं पंख्यांचं दुकान. गोदाम मिळेपर्यंत म्हणून गेल्या वर्षी त्याने तिच्या लिहायच्या खोलीत चार खोकी ठेवली, त्यांची चाळीस झाली. आता खुर्चीत बसायचं तर अंग चोरून. मध्यंतरी तिने मोठा धीर करून जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली, इथपर्यंत तुझं, पुढे माझं. दादा खूश! "बरं केलंस, आता रांग सरळ लागेल." आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना खोकी रचून मोकळा झाला. काय करायचं अशा माणसाचं?

आणि ही बाई दर आठवड्याला लोकांना इंग्रजी वाक्प्रचार समजावून सांगणार. आजचा नेमका 'वाळूत रेघ ओढणे'. अर्थ तिने झटक्यात लिहिला : यापुढे एक पाऊलही चालणार नाही, असं बजावणे. उगमापाशी गाडं अडलं. खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, पण रोमच्या एका म्हाताऱ्या दूताची गोष्ट सांगतात. चढाई करून आलेल्या राजाला त्याने माघारीचा निरोप दिला. राजा म्हणाला, विचार करून कळवतो. दूताने हातातल्या काठीने राजाभोवती वाळूत वर्तुळ काढलं. उत्तर दे, मगच बाहेर पाऊल टाक.

ती उठली, खिडकीशी गेली, टेम्पो दिसला नाही म्हणून परत बसली, पुन्हा उठली. राजाभोवती! स्वतःभोवती नव्हे. आणि वर्तुळ काढून दूत निघून गेला नाही, तिथेच उभा राहिला. तिने मात्र पट्टी लावली आणि चहा करायला स्वयंपाकघरात पळाली होती.

बेल वाजली. दारात दादा, हातात खोकं, कपाळावर घाम.

"सरक, जड आहे."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. "आधी सांग, आतली चाळीस कधी नेतोस?"

"बघू गं. आत तर येऊ दे. चहा टाक."

"दिवस सांग, मग ये."

दादा हसला. ती हसली नाही, तसं त्याचंही हसू ओसरलं. "मग हे कुठे ठेवू?"

आजवर या प्रश्नाचं उत्तर तिनेच शोधलं होतं. 'बरं, त्या कोपऱ्यात' हे जिभेवर आलंसुद्धा. शाळेत जाताना तिचं दप्तर यानेच वाहिलं होतं, आणि आता त्याचा घामेजलेला चेहरा तिला बघवत नव्हता.

"मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली आणि हलली नाही.

आत तिचा फोन वाजायला लागला. चार वाजून गेले असणार. वाजून वाजून तो थांबला, तरी दोघं तशीच उभी.

शेवटी दादाने जिन्यातून खाली टेम्पोवाल्याला हाक मारली, "बाकीची उतरवू नकोस रे!" मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "रविवारी नेतो. सगळी."

तेव्हा ती बाजूला सरकली. "ये, बस. चहा टाकते."