कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही

सोयगावच्या दवाखान्यात एक मशीन. आणताना गुंडाळलेलं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, वरचा झेंडूचा हार तेवढा वाळलाय.

पाचोडच्या शाळेत मधली सुट्टी. पोरं नळाला तोंड लावतात. पाणी एकदम गोड.

शहागंजच्या वाचनालयात मागं कलणारी खुर्ची. एक म्हातारा तोंडावर पेपर घेऊन घोरतोय.

केसरबाईच्या नवऱ्याचे पाय सुजलेत.

हे सगळं आधी एकाच खोलीत होतं. बद्रीनाथशेठच्या फाउंडेशनचं डायलिसिस केंद्र होतं ते. फुकट. शेठला मूलबाळ नव्हतं, जिवंतपणीच सगळं देऊन मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. जमिनी दिल्या, ठेवी दिल्या, शेवटी केंद्र उरलं. तेही त्यांनी भंडाऱ्याच्या पंगतीसारखं वाढलं, प्रत्येक पानात थोडं थोडं. खुर्च्या एकीकडं, मशिनी दुसरीकडं, पाणी शुद्ध करायचं यंत्र तिसरीकडं. पेशंटच्या घरच्यांना शाली. वाटपाच्या मांडवात केसरबाईनंही टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, केंद्र नव्या जागी चाललंय.

"पाणी पाचोडला, मशीन सोयगावला, खुर्ची शहागंजात," तिचा नवरा पुंजाराम खाटेवरून म्हणाला. "माझं रक्त काय यष्टीनं फिरवती का?"

"गप पडा." तिला हसू आलं नाही. मोठ्या दवाखान्यात नाव लावलं होतं, पण पुढं लई लोक होते.

ती शेठकडं गेली. रिकाम्या खोलीत ते चटईवर बसले होते. चेहरा नुकतं न्हाल्यासारखा.

"ये केसरबाई. बघ, भिंतीवर घड्याळसुद्धा ठेवलं नाय."

"शेठ, ते समदं एका जागी आणा. पाण्याबिगर ती मशीन निस्तं डबडं हाय."

शेठचा चेहरा उतरला. "दिलेलं परत मागू? माझ्या तोंडानं?"

"मी मागते. तुम्ही फकस्त संगं चला."

शेठ बराच वेळ चटईची काडी सोलत राहिले. "मांडवात का नाय बोललीस गं?"

"तवा तुम्ही माझ्या अंगावर शाल घालीत होता."

शेठ उठले. चटई गुंडाळून त्यांनी तिच्या हातात दिली. "रिकाम्या हातानं जाऊ नको."

तिनं ती घेतली. शेठनं दिलेलं कुणी नाकारत नसे.

पुढच्या आठवड्यात पुंजारामला खाटेवरून खाली घेतलं, ते त्याच चटईवर.

वाटपाच्या आदल्या दिवशी केंद्रातल्या सगळ्या मशिनी चालू होत्या.