मोठ्या जहाजांना मनाई

“ते जहाज काढ टेबलावरून, सेवेरिन.”

“का रे, चिखल लागलाय त्याला?”

“नियम बदललाय. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.”

लुदोमिरच्या छातीवर खेळाच्या कंपनीचा पंचाचा बिल्ला होता. अकरा वर्षं तो फुकट पंचगिरी करत होता. एरवी पोलंडमधल्या तोरून शहराच्या ट्राम डेपोत वायरमन. बागवाल्यांच्या संघाच्या हॉलमध्ये दर शनिवारी सहा टेबलं लागत. एका जुन्या अंतराळ-मालिकेचे हक्क घेऊन अमेरिकेतल्या कंपनीने हा खेळ काढला होता. आपण रंगवलेली इवलीशी जहाजं पट्टीने मोजून पुढे सरकवायची.

सेवेरिनचं जहाज पावाएवढं होतं. त्याचे हात कापत, औषध घेऊनही. पावाएवढं जहाज दोन्ही हातांनी ढकलता येतं. अंगठ्याएवढं येत नाही.

लुदोमिरचं पत्र, सप्टेंबर:
मोठ्या जहाजांच्या वळणाच्या नियमाचे दोन अर्थ निघतात. कृपया एक ओळ वाढवावी.

कंपनीचं उत्तर, जानेवारी:
सूचनेबद्दल आभार. मोठी जहाजं अधिकृत स्पर्धांतून वगळण्यात आली आहेत.

पत्र, त्याच दिवशी:
मी वगळायला सांगितलं नव्हतं. एक ओळ मागितली होती.

उत्तर:
छोट्या जहाजांचा नवा संच मार्चपासून दुकानांत.

पत्र:
आमच्या क्लबात एक माणूस आहे

पत्र:
आमच्या क्लबात एक माणूस आहे, त्याचे हात

पत्र:
तुमच्यापैकी कुणी हा खेळ खेळतं का?

अर्धवट राहिलेली दोन त्याने पाठवलीच नाहीत. शेवटच्याला उत्तर आलं नाही.

“सेवेरिन, ऐक. त्या नियमाबद्दल मीच लिहिलं होतं.”

“दुसरं कोण लिहिणार? माझ्या लग्नपत्रिकेतल्यासुद्धा चुका काढल्या होत्यास तू.”

समोरची खेळाडू हाल्श्का, नर्सिंगची विद्यार्थिनी, हळूच म्हणाली, “काका, खेळू दे ना त्यांना. मी कुणाला सांगणार नाही.”

“मला सांगावं लागतं. निकालाबरोबर प्रत्येक टेबलाचा फोटो कंपनीकडे जातो. कळलं तर क्लबचं नाव कापतील. मग कुणालाच वॉर्साच्या स्पर्धेला जाता येणार नाही.”

लुदोमिरचा हात बिल्ल्यापाशी गेला, आणि तिथेच राहिला.

“दे गं तुझी दोन-चार पिल्लं,” सेवेरिन हाल्श्काला म्हणाला.

तिने चार छोटी जहाजं त्याच्यापुढे मांडली. पहिलं हलवताना शेजारचं पडलं. पडलेलं जहाज बाद, हा नियम पहिल्या दिवसापासूनचा. दुसरं उचलताना बोटांतून निसटलं. तिसऱ्याला त्याने पट्टीनेच ढकललं, ते टेबलावरून खाली गेलं. चौथ्याला त्याने हात लावला नाही.

“लिही, हरलो.”

“तुझी वेळ आहे अजून.”

“लिही म्हटलं ना. नीट लिही. दोन अर्थ नकोत.”

लुदोमिरने लिहिलं. सेवेरिन उठला, कोट घातला आणि वरचं बटण लावायला घेतलं. बटण काजापाशी जायचं आणि मागे यायचं. हाल्श्का उठू लागली. लुदोमिरने मान हलवून तिला बसवलं.

कोटाला पाच बटणं होती. पाचवं लागेपर्यंत बाकीच्या पाचही टेबलांवरचे लोक खाली मान घालून, कुठेही न जाणाऱ्या जहाजांमधलं अंतर पुन्हा पुन्हा मोजत राहिले.