सुईवाल्याची बायको

बोंगसुनने दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा गुडघ्याआधी तिचं मनच कुरकुरलं. इथे कधी पाऊल टाकणार नाही, अशी तिची शपथ होती.

नवरा तोकसू गावचा सुईवाला, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून दुखणी घालवणारा. परवाना नव्हता, पण हात इतका हलका, की सुई शिरलेली कळायची नाही. काय दिवस होते ते! ओसरीवर माणसांची दाटी, दुखरी जागा शेकायला जाळलेल्या दवण्यासारख्या पाल्याचा धूर, आणि जाताना कुणीतरी ठेवलेली रताळी. मग देशात ऑलिम्पिक भरायच्या आदल्या वर्षी सरकारने परवानावाल्या डॉक्टरांचे सुयांचे उपचार आरोग्य विम्यात घेतले. विम्याचं कार्ड मिरवत गाव बाजारपेठेतल्या या दवाखान्यात धावलं आणि तोकसूची चटई ओस पडली. एकेकाला गाठून बोंगसुन भांडली होती.

तोकसू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण गेल्या वर्षी छुसोकला, पितरांच्या सणाला, टेकडीवरच्या त्याच्या थडग्यापर्यंत गुडघ्यांमुळे तिला चढवलं नाही. पायथ्याशी बसून राहिली, मुलानेच वर जाऊन दारू वाहिली. ते तिच्या फार जिव्हारी लागलं. यंदा काहीही होवो, वर जायचंच होतं.

ऊबदार खाटेवर ती आडवी झाली. तरुण डॉक्टर म्हणाला, "आजी, दुखलं तर सांगा हं."

"दुखणारच. हात बघा तुमचा, लाकूडतोड्याचा!"

पडद्यापलीकडच्या खाटेवरून सुकी मासळी विकणारी कुमजा खिदळली. "कोण, बोंगसुन? आलीस एकदाची! तुझा नवरा याच खाटेवर पडायचा गं."

"काहीतरी बरळू नकोस. ते बाजारात बुद्धिबळ खेळायला यायचे."

"हो, कंबरेत सुया खोचून! स्वतःच्या पाठीला हात पोचतोय होय? म्हणायचा, बायकोला सांगू नका. माझ्यापायी तिने गावाशी वैर घेतलंय, आता कुठल्या तोंडाने सांगू?"

बोंगसुनला आधी संताप आला, मग हसू, आणि हसता हसता डोळे वाहू लागले.

"जोरात टोचली का?" डॉक्टर घाबरला.

"नाही रे बाबा. टोच तू."

छुसोकला ती बसत-उठत का होईना, टेकडी चढली. मुलाला बाजूला सारून तिने दारू स्वतःच्या हाताने ओतली.

"भित्रे कुठले! एका शब्दाने सांगायचं होतंत," ती म्हणाली. "शेजारशेजारच्या खाटांवर पडलो असतो. पडद्यातून भांडलो असतो दोघं."